मांजरीची सात घरं
मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. सातच का, ते तीच जाणे! पण बोक्याची चाहूल लागली, माणसं फार डोकावू लागली, की ती एकेक पिल्लू मानेला धरून हलवते हे खरं. सदाशिव पेठेतल्या वाड्यांत त्यासाठी माळे होते, लाकडांच्या खोल्या होत्या. आता उरलं सोसायटीचं पार्किंग. तिथं एकटं पिल्लू दिसलं की दयाळू मंडळी 'आईनं टाकलं' म्हणत उचलतात. आई दुसरं पोचवून परत येते तो जागा रिकामी! मग रात्रभर ती ओरडत फिरली, की झोपमोडीची तक्रार करणारीही हीच मंडळी. पिल्लू स्वच्छ, गुबगुबीत असेल तर काही तास लांबूनच पाहावं. गार पडलं असेल तर मात्र लगेच ऊब द्यावी आणि डॉक्टर गाठावा.