नमस्कार नको, टॅप करा

एमएमएचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं : "त्यात काही संस्कार नाहीत हो, नुसती मारामारी." कराटे क्लासचे सर हे म्हणतात, गावातले जुने पैलवान म्हणतात, आणि ज्यांनी जन्मात कुणाची कॉलर धरलेली नाही असे काकाही म्हणतात. पुराव्यादाखल कॉनर मॅकग्रेगरची एखादी शिवराळ रील पुढे केली जाते. त्याच्यासमोर ठेवायला दुसरं चित्र तयारच असतं : पांढरे शुभ्र गणवेश, कमरेला पट्टे, रांगेत उभी मुलं आणि सरांपुढे कमरेतून झुकणं. इकडे परंपरा, तिकडे पिंजरा. चर्चा संपली.

माझं म्हणणं असं, की ही वाटणीच खोटी आहे. आदर कुठे आहे हे वाकण्यावरून कळत नाही. तो शोधायचा तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात : शिकवलेलं खरं आहे का हे तपासू देतात का, समोरच्याने "थांब" म्हटल्यावर थांबतात का, आणि जो घाम गाळतो त्याला त्याचा वाटा देतात का. या तीन प्रश्नांवर बऱ्याच पारंपरिक शाळा नापास होतात. एमएमएही एका प्रश्नात सपशेल आपटतं.

आधी परंपरेचं वय पाहू. जिगोरो कानो या शिक्षकाने १८८२ साली टोकियोत कोदोकान सुरू केलं आणि जुन्या जुजुत्सूतून जुदो घडवला. काळा पट्टा ही त्याच्याच शाळेची देणगी. रंगीबेरंगी पट्टे त्याहून नवे, ते विसाव्या शतकात युरोपात रुळले. गिचिन फुनाकोशी ओकिनावाहून १९२२ साली टोकियोला कराटे दाखवायला आले. कराटेने गणवेश आणि पट्टे जुदोकडून उचलले. 'कराटे' या शब्दाचा मूळ अर्थ 'चिनी हात' असा होता. १९३०च्या दशकात त्याची चित्रलिपी बदलून 'रिकामा हात' असा अर्थ केला गेला. 'तायक्वांदो' हे नाव तर १९५५चं. 'हजारो वर्षांची परंपरा' म्हणून आपल्याला जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं रेल्वे आणि तारायंत्रापेक्षा तरुण आहे.

यात वाईट काहीच नाही. परंपरा कुणीतरी कधीतरी सुरूच करतो. पण कानोने पट्ट्याहून मोठं एक काम केलं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. जुन्या जुजुत्सूत डोळे फोडायचे, बोटं मोडायचे डाव होते. ते इतके घातक की सरावात पूर्ण ताकदीने करताच यायचे नाहीत. म्हणून ते ठरलेल्या क्रमाने, सहकार्य करणाऱ्या जोडीदारावर घोकले जायचे. कानोने घातक डाव मुक्त सरावातून काढले आणि उरलेले पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या माणसावर रोज करायला लावले. याला रांदोरी म्हणतात. कमी घातक डाव रोज खरे वापरून धारदार होतात आणि महाघातक डाव कपाटात गंजतात, हे त्याने ओळखलं होतं. आमच्या धंद्यात 'माझ्या मशीनवर चालतंय' हा एक बदनाम डायलॉग आहे. सहकार्य करणाऱ्या जोडीदारावर चालणारा डाव म्हणजे नेमकं तेच.

पुढचा इतिहास तर मजेशीर आहे. कोदोकानचा एक पठ्ठ्या, मित्सुयो माएदा, जगभर कुस्त्या मारत १९१४ साली ब्राझीलला पोचला. त्याच्याकडून ही विद्या ग्रेसी कुटुंबात गेली. १२ नोव्हेंबर १९९३ला डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी स्पर्धा झाली. त्यात याच घराण्यातला रॉयस ग्रेसी, अंगावर तोच पांढरा गणवेश घालून उतरला आणि एका रात्रीत तीन जणांना हरवून जिंकला. पिंजऱ्याकडे येताना त्याचे वडील-भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेत चालत होते. घराणं, गुरू, वारसा, सगळं होतं. म्हणजे ज्या खेळाला आपण बिनसंस्कारी म्हणतो तो कानोचा नातू आहे. आजोबांचा फोटो भिंतीवर लावणाऱ्या अनेक डोजोंपेक्षा त्याने आजोबांचं जास्त ऐकलं.

आता तपासणी नाकारली की काय होतं ते पाहा. एप्रिल २०१७मध्ये चीनच्या चेंगदूमध्ये शू शियाओदोंग या एमएमए प्रशिक्षकाने वेई लेई या ताई-ची 'गुरूं'शी लढत केली. अर्ध्या मिनिटाच्या आत गुरू जमिनीवर होते. व्हिडिओ जगभर फिरला. झालं काय? शूने परंपरेचा अपमान केला म्हणून ओरड झाली, वूशू संघटनेने निषेध केला, त्याचं सोशल मीडिया खातं बंद झालं. पुढे एका ताई-ची गुरूंच्या बदनामीच्या खटल्यात न्यायालयाने त्याला माफी आणि भरपाई ठोठावली आणि त्याच्या विमान-रेल्वे प्रवासावरही निर्बंध आले. शूची भाषा उर्मट होती, हे मान्य. पण प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद केल्याने उत्तर मिळत नाही. ज्या आदराला वीस सेकंदांची लढत झेपत नाही, तो आदर होता की भीड?

हा वाद चीनपुरता नाही आणि नुसता मानापमानाचाही नाही. आपल्याकडे शाळा-कॉलेजांत मुलींसाठी स्वसंरक्षण शिबिरं होतात. चार-सहा दिवस, मैदानात रांगा, हवेत ठोसे, शेवटी प्रमाणपत्र आणि पाहुण्यांसोबत फोटो. मनगट धरलं तर असं सोडवायचं, हे शिकवलं जातं. पण धरणारी मैत्रीण असते आणि ती हसत हसत सोडते. त्या मुलीने एकदाही खऱ्या ताकदीने धरलेल्या हातातून सुटून पाहिलेलं नसतं. तिच्या हातात आपण कौशल्याऐवजी समजूत दिलेली असते. वेळ आली तर किंमत ती चुकवणार, शिबिर घेणारे सर नाही. संस्काराच्या नावाखाली ही फसवणूक चालवून घेणं हा मला पिंजऱ्यातल्या रक्तापेक्षा मोठा अनादर वाटतो.

दुसरा प्रश्न थांबण्याचा. ग्रॅपलिंग करणाऱ्या कुठल्याही जिममध्ये गेलात तर पहिल्याच दिवशी टॅप शिकवतात. हात कोपरातून उलटा वळायला लागला, मानेवर पकड बसली, की समोरच्याला किंवा मॅटला थोपटायचं. थोपटलं की सुटका, त्याच क्षणी. मानेवरची पकड नीट बसली तर माणसाची शुद्ध काही सेकंदांत हरपते, कोपर तर त्याहून लवकर मोडतं. म्हणजे दिवसातून दहा वेळा तुम्ही तुमचं हाड आणि श्वास जवळजवळ अनोळखी माणसाच्या हाती देता आणि तो ते परत करतो. थोपटणारा म्हणतो, "तू जिंकलास." सोडणारा म्हणतो, "तू मला उद्याही हवा आहेस." काळ्या पट्ट्याचा इंजिनियर कोवळ्या पोरासमोर टॅप करतो आणि दुसऱ्या मिनिटाला पुन्हा हात मिळवतो. इथे आदर वरही जातो आणि खालीही येतो. मी वाकण्याच्या विरोधात नाही. पण जिथे फक्त विद्यार्थी वाकतो आणि सर कधीच टॅप करत नाहीत, तिथे आदराचा रस्ता एकेरी आहे.

आता पिंजऱ्याच्या भक्तांकडे वळतो, कारण तिसऱ्या प्रश्नात तुमचा खेळ नापास आहे. एप्रिल २०१८मध्ये मॅकग्रेगरने ब्रुकलिनमध्ये खेळाडूंच्या बसवर लोखंडी ट्रॉली फेकली, काचा फुटून लोक जखमी झाले. यूएफसीने त्याच फुटेजवर खबीब नुरमागोमेदोव्हविरुद्धच्या लढतीची जाहिरात केली. ६ ऑक्टोबरला लास व्हेगासमध्ये लढत झाली, खबीबने मॅकग्रेगरला टॅप करायला लावलं आणि मग पिंजऱ्यावरून उडी मारून त्याच्या साथीदारांवर धावून गेला. धर्म, देश, बाप, सगळ्यांवरून शिव्या ऐकून तो तिथवर आला होता. त्याचं वागणं चूकच, त्याला बंदी आणि पाच लाख डॉलर दंड झाला. पण शिवीगाळीवर तिकिटं विकणाऱ्या कंपनीने त्या रात्री कमाईचे विक्रम केले.

याच कंपनीवर हजाराहून जास्त फायटरांच्या वतीने मक्तेदारीचा खटला चालला. २०१० ते २०१७ या काळातल्या फायटरांसाठी कंपनीने ३७.५ कोटी डॉलर द्यायचं कबूल करून तो मिटवला. खटल्यात पुढे आलेल्या आकड्यांनुसार कमाईतला फायटरांचा वाटा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी होता. अमेरिकेतल्या बास्केटबॉल-फुटबॉलमध्ये तो निम्म्याच्या आसपास असतो. मग अनादर कोण करतं? घंटा वाजल्यावर एकमेकांना मिठी मारणारे ते दोघं, की त्यांच्यात भांडण लावून मलई खाणारे?

आपल्या तालमीबद्दल बोललं नाही तर हा लेख अर्धा राहील. कुस्तीला मी ताई-चीच्या रांगेत बसवणार नाही. कुस्ती रोज तपासली जाते. लाल मातीत जोड कडवी असते, मैदानात निकाली कुस्ती होते आणि पाठ टेकली की वाद संपतो. म्हणूनच गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतून मॅटवर गेले आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. म्हणूनच यूएफसीत उतरलेला भारतातला पहिला खेळाडू, भारत खंदारे, कुस्तीतून आला. जी परंपरा रोज हरायला तयार असते ती कुठेही टिकते.

पण तपासणीत पास झालेली कुस्तीही आदराच्या परीक्षेत अडते. बहुतेक जुन्या तालमींत बाईला मातीत पाय ठेवू देत नसत. जानेवारी २०२३मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले. महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते, त्यांनी ते नाकारले. आरोपांचा निवाडा न्यायालय करेल. पण तोवर त्या मुलींना काय ऐकायला मिळालं? ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्ष पी. टी. उषा यांनी रस्त्यावर उतरणं म्हणजे बेशिस्त असं म्हटलं. २८ मेला पोलिसांनी त्यांना फरफटत नेलं. डिसेंबरमध्ये साक्षीने पत्रकारांसमोर टेबलावर बूट ठेवले आणि कुस्ती सोडली. ऑलिम्पिक पदक जिंकलेली मुलगी "थांबा" म्हणत होती आणि कुणी पकड सोडत नव्हतं. शिस्त, मान, वडीलधारे हे सगळे शब्द तेव्हा तिच्याविरुद्ध वापरले गेले. आणि फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत एका पैलवानाने पंचाला लाथ मारली, तेव्हा आपले संस्कार पिंजऱ्याहून फार वेगळे दिसले नाहीत.

म्हणून तुम्ही स्वतःसाठी किंवा घरातल्या लहानग्यासाठी क्लास शोधत असाल, तर भिंतीवरचे फोटो आणि पट्ट्यांचे रंग पाहू नका. एक तास कोपऱ्यात बसा. मुलं विरोध करणाऱ्या जोडीदाराशी झटतात की हवेशी? एखाद्याने थोपटल्यावर समोरचा लगेच सोडतो का, आणि नाही सोडलं तर सर काय करतात? "सर, हा डाव लागत नाही," असं एखादी मुलगी म्हणाली तर तिला उत्तर मिळतं की शिक्षा? सर स्वतः कधी मॅटवर उतरतात का? फी विचारायच्या आधी एवढं पाहा. आणि फायटर पाहत असाल तर शिव्यांच्या रील शेअर करू नका, त्या पैशातून फायटरला फार थोडं मिळतं.

वाकणं ठेवा हवं तर. मीही वाकतो, मॅटवर जाताना आणि उतरताना. पण कुणी थोपटलं की सोडा.