म्हातारे कुत्रे घरी आणताना



या आठवड्यात खरे म्हणजे गव्हाच्या पाण्याच्या पाळ्यांबद्दल लिहायचे ठरवले होते. पण एका ताईंचे पत्र आले आणि ते बाजूला ठेवावेसे वाटेना. ताई लिहितात, शेजारच्या वस्तीवरचे म्हातारबाबा दिवाळीनंतर वारले. मुले शहरात नोकरीला. घराला कुलूप लागले, गाय-वासरू विकले, भांडीकुंडी नेली. बाबांचा कुत्रा तेवढा मागे राहिला. आठ-नऊ वर्षांचा आहे. दिवसभर कुलपासमोर पडून असतो. भाकरी टाकली तर आम्ही पाठ फिरवल्यावर खातो. "आमच्याकडे आणावा असे मनात आहे. पण घरातले म्हणतात, आणायचेच तर पिल्लू आण. म्हाताऱ्या कुत्र्याला लळा लागत नाही आणि त्याच्याच्याने राखणही होत नाही. घरात दोन लहान मुले आहेत, चावला म्हणजे? काय करावे?"

आता मी पडलो शेतकी पदवीधर. कॉलेजात आम्हाला मातीचा सामू शिकवला, खतांचे हिशेब शिकवले. कुत्र्याबद्दल चार वर्षांत एक ओळ शिकवली नाही. जे थोडे कळले ते एका कुत्र्याने मला चावून शिकवले. तेच आधी सांगतो.

गोष्ट मार्च २०१९ ची. दुष्काळाचे साल. आमचा मळा प्रवरेच्या पट्ट्यात. ऊस संपला, बीडकडची टोळी कोप्या मोडून निघून गेली. मागे राहिल्या तीन दगडांच्या चुली, पाचटाचा ढीग आणि एक तांबडा कुत्रा. मागचा डावा पाय टायरगाडीखाली आलेला, त्यामुळे त्याला ट्रकमध्ये चढता आले नसावे. टोळीला मी दोष देत नाही. ट्रक सुटताना माणसांची भांडीसुद्धा मागे राहतात.

चार दिवस तो त्या विझलेल्या चुलींपाशी बसून होता. पाचव्या दिवशी मी त्याला घरी आणला आणि करता येतील तेवढ्या चुका एकाच दुपारी केल्या. गळ्यात दोरी घालून ओढत आणला. गोठ्यात दावणीला बैलांशेजारी बांधला. अंगावर गोचिडी दिसल्या म्हणून मोटारीच्या पाण्याखाली धरून आंघोळ घातली. घरची चार आणि शेजारची सहा पोरे भोवती गोळा झाली. पुढे भाकरी-कालवण ठेवले आणि तो खायला लागला तेव्हा कौतुकाने पाठीवर हात ठेवला. त्याने मनगट धरले. दोनदा गुरगुरून त्याने आधी सांगितले होते. पोरांच्या गलक्यात मी ते मनावर घेतले नाही.

जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि तसाच ग्रामीण रुग्णालयात गेलो. हे मुद्दाम सांगतो, कारण अजूनही आपल्याकडे चावलेल्या जागी तिखट किंवा चुना भरणारी माणसे आहेत. तसे करू नका. रक्त आले होते म्हणून डॉक्टरांनी जखमेत सीरम दिले आणि लसीची पहिली सुई त्याच दिवशी टोचली. पुढच्या सुयांच्या तारखा लिहून दिल्या, त्या सगळ्या पाळल्या. कुत्रा पाळीव आहे, बरा दिसतो, बघू दोन दिवस, असे म्हणत थांबायचे नसते. पिसाळण्याचा रोग एकदा अंगात उठला की त्यावर औषध नाही.

घरी आल्यावर आईने एकच वाक्य उच्चारले. "उद्याच्या उद्या ते जिथून आणलं तिथं सोडून ये." धाकट्या भावाची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, आईचे काही चुकत नव्हते. माझ्याही मनात तेच होते. पण डॉक्टरांनी बजावले होते की दहा दिवस कुत्रा नजरेखाली पाहिजे, हरवता कामा नये. तेव्हा नाइलाजाने तो राहिला. त्याला गोठ्यातून काढून अंगणाच्या कडेच्या लिंबाखाली लांब दोरीने बांधला. पोरांना तिकडे फिरकायची बंदी केली. मी सकाळीच कामावर जाणार, म्हणून भाकरी-पाण्याचे काम आईकडे आले. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. ती जर्मनच्या पातेल्यात भाकरी कुस्करून भिजवायची, पातेले काठीने पुढे सरकवायची आणि एक शब्द न बोलता परत फिरायची.

ती रागावली होती म्हणून बोलत नव्हती. कुत्र्याला नेमके तेच हवे होते.

तिसऱ्या दिवशी आई चार पावले गेली नाही तोच त्याने पातेल्यात तोंड घातले. सहाव्या दिवशी तो पाय पसरून कुशीवर झोपलेला दिसला. तोवर तो पाय पोटाखाली घेऊन, उठून पळायच्या तयारीत बसायचा. नवव्या दिवशी आईच्या बांगड्या वाजल्या आणि त्याचे शेपूट हलले. दहा दिवस सरले, कुत्रा धडधाकट होता. त्याला दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचली. परत आलो तर आई म्हणाली, "येताना पट्टा का नाही आणलास? दोरीनं मान कापतीय त्याची." सोडून यायचा विषय पुन्हा निघाला नाही.

म्हणून सांगतो, थोर वयाचे जनावर घरी आले की पहिले पंधरा दिवस त्याला माया कमी आणि नेम जास्त द्या. जागा एक, भांडे एक, वेळ एक, आणि घालणारा हातही एकच. कडेला, सावलीची, पण घरची ये-जा दिसेल अशी जागा द्या. तुम्ही त्याच्याकडे जाऊ नका, त्याला येऊ द्या. आंघोळ आठ-पंधरा दिवस राहिली तर काही बिघडत नाही. गोचिडीचे औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच लावा. पिकावरचे औषध पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगाला चोळणारे मी पाहिले आहेत. कुत्रे अंग चाटते आणि विष पोटात जाते.

वयाबद्दल एक गंमत. बैल दोनदाती की चारदाती, सहादाती की जुळलेला, हे आपण तोंड उघडून सांगतो. कुत्र्याचे तसे नाही. त्याचे सगळे, म्हणजे ४२ दात सहा-सात महिन्यांतच येऊन जातात. पुढे फक्त झीज. त्यातही हाडे, दगड चावणाऱ्याचे दात लवकर झिजतात. त्यामुळे दात, तोंडावरचे पांढरे केस आणि डोळ्यांतली निळसर झाक मिळून अंदाजच करायचा. अशा कुत्र्याला ऐकू कमी येते. झोपेत मागून हात लावला तर ते दचकून चावते, त्यात त्याचा खोटेपणा नसतो. मुलांना एवढे दोनच नियम शिकवा, झोपलेल्याला उठवायचे नाही आणि खाणाऱ्याजवळ जायचे नाही. आणि लहान मूल व नवे कुत्रे यांना मोठ्या माणसाशिवाय एकत्र सोडू नका, कुत्रे कितीही गरीब दिसो.

खाण्याचे म्हणाल तर आधी जे खात होते तेच चालू ठेवा आणि बदल आठवडाभरात हळूहळू करा. झिजल्या दातांना भाकरी भिजवून द्या. नुसत्या भाकरीवर ते थकते, अधूनमधून उकडलेले अंडे पडू द्या. कांदा-लसणाचे कालवण मात्र नको, त्याने कुत्र्याच्या रक्ताला अपाय होतो. द्राक्षे, बेदाणे तर बागाईतदारांनी लांबच ठेवावेत, मूत्रपिंडे बिघडतात. बकरे कापल्यावर काळीज-फुफ्फुसाचे कच्चे तुकडे कुत्र्यापुढे टाकण्याची आपल्याकडे रीत आहे, तीही सोडा. त्यातून एका जातीचे जंत कुत्र्यात जातात, त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर आणि आपल्या हातावर येतात, आणि शेळ्यामेंढ्यांच्या व माणसांच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्या.

रात्री कुत्रे बाहेर बांधून ठेवू नका. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेची तपासणी झाली, तेव्हा त्याच्या खाण्यात पाळीव कुत्र्यांचाच वाटा सर्वांत मोठा निघाला. बांधलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला तर पळताही येत नाही. गोठ्यात, दार लावून ठेवा.

राखण होत नाही म्हणता? पिल्लू पान हलले तरी भुंकते आणि आपण कूस बदलून झोपतो. आमचा तांब्या, हे नाव पुढे पोरांनी ठेवले, आठवड्यातून एखाद्या वेळी भुंकायचा आणि सगळे घर उठायचे. विहिरीवरच्या मोटारीची केबल एकदा त्याच्यामुळेच वाचली.

डिसेंबर २०१९ मध्ये तीच टोळी पुन्हा आली. एका बाईने लांबूनच "वाघ्या" अशी हाक मारली आणि तांब्या लंगडत धावत सुटला. असा धावताना आम्ही त्याला कधी पाहिला नव्हता. ती रात्र तो कोपीतच राहिला. आईने पातेले भरून ठेवले आणि काही न बोलता झोपली. सकाळी सात वाजता स्वारी लिंबाखाली हजर. सबंध हंगाम त्याने असा काढला, दिवस कोपीपाशी आणि भाकरी आमच्याकडे. निघताना त्या बाईच्या मनात त्याला न्यायचे होते. पण पुन्हा ट्रक, पुन्हा तो पाय. जाताना तिने आईकडे जुन्या लुगड्याचा एक तुकडा दिला. "ह्याच्यावर निजायची सवय हाय त्याला." त्या रात्रीपासून तो त्या तुकड्यावर झोपू लागला. नऊ महिने आम्ही त्याला नवे पोते घालत होतो आणि तो शेजारच्या मातीत झोपत होता! पुढे साडेतीन वर्षे तो आमच्याकडे होता.

तेव्हा ताई, कुत्रा आणा. पण उचलून आणू नका. आठवडाभर तुम्ही एकट्याच ठरल्या वेळी त्या कुलपाशी जा, भाकरी ठेवा आणि थोडे लांब, त्याच्याकडे न बघता बसा. तुमच्यासमोर खाऊ लागला की पातेले रोज थोडे थोडे तुमच्या वस्तीकडे सरकवा. बाबांच्या मुलांना निरोप धाडा, कुत्रा ठेवत आहोत म्हणून कळवा आणि बाबांचे एखादे घोंगडे किंवा धोतर मागून घ्या. ते धुऊ नका, तसेच अंथरा. तुमच्याकडे दुसरे कुत्रे असेल तर दोघांची पहिली गाठ अंगणात नको, वाटेवर घाला. आणल्यावर लगेच लस टोचून घ्या आणि वर्षाने पुन्हा.

आणि आणल्यावरही तो रोज संध्याकाळी त्या कुलपाशी जाऊन बसेल. जाऊ द्या त्याला. भाकरी मात्र तुमच्याच अंगणात ठेवा आणि अंधार पडायच्या आत त्याला हाक मारा. कोणती हाक, ते बाबांच्या मुलांना विचारून ठेवा.

गव्हाच्या पाण्याचे पुढच्या आठवड्यात.