पगार वाढवला, तरी पोरगा सोडून का गेला?



नवीन पनवेलच्या आपल्या बॅचमध्ये एका फरसाणवाल्या दादांनी वैतागून विचारलं, "सर, पोराला दोन हजार वाढवून दिले, तरी गेला. आता काय दुकान त्याच्या नावावर करू?" सगळे हसले. मी विचारलं, जायच्या आधी काय काय झालं होतं? तेव्हा कळलं की त्याची आई चार दिवस दवाखान्यात होती. त्या चार दिवसांत त्याच्या ऑर्डरी कुणीच बघितल्या नाहीत. परत आला तर तुंबलेलं काम, आणि वर सगळ्यांचे टोमणे.

माझं मत सांगतो. पगार वेळेवर आणि बरा हवाच. "आपण सगळे फॅमिली" म्हणत पगार लांबवणारे मालक मला अजिबात पटत नाहीत. पण पगारानं माणूस कामावर येतो, तो टिकतो ते बरोबरच्या माणसांमुळे.

मुंबईचे डबेवाले बघा. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. बहुतेक मंडळी मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर भागातली. आपण त्यांचं कौतुक करतो ते डबा चुकत नाही म्हणून, हार्वर्डनं केस स्टडी केली म्हणून. मला त्यातली गटाची रचना जास्त महत्त्वाची वाटते. गटाचा एक मुकादम, तो स्वतः डबे वाहून वर आलेला. गटात काही माणसं मुद्दाम जादा ठेवलेली. कुणी आजारी पडला, गावाला गेला, तर त्याची लाईन दुसरा धरतो. जादा माणूस ठेवायचा म्हणजे खर्च आहे, पण तो खर्च ते धरूनच चालतात.

तुम्ही म्हणाल, ते तर भागीदार आहेत, आमच्याकडे पगारी माणसं. बरोबर. म्हणूनच आपल्याकडे ही सोय मालकाला करावी लागते. नाहीतर काय होतं, ते मी स्वतः भोगलंय. नोकरीत असताना आम्ही चौघं एकमेकांना जीव लावून सांभाळायचो. कुणाची शिफ्ट कोण करतंय, साहेबांना पत्ताच नसायचा. एकदा कळलं, तर एकाला सगळ्यांसमोर झापलं. वर्षभरात चौघंही बाहेर! आमची टीम घट्ट होती, पण ती आमची होती, कंपनीची नव्हती. हा मुद्दा बरेच जण विसरतात. पोरांची एकी मालकाच्या पाठीमागे वाढली, तर ती जाताना एकत्रच जाते.

मग करायचं काय? प्रत्येक काम दोघांना आलंच पाहिजे, अगदी हिशोबाचं आणि ऑर्डरीचंसुद्धा. दुसऱ्याचं काम ओढलं तर त्याचे पैसे वेगळे द्या, नुसती शाबासकी नको. आणि कुणाच्या घरी अडचण आली तर "तुझं काम अमुक बघतोय, तू जा" हे वाक्य तुमच्या तोंडून आलं पाहिजे.

दादांनी आता अर्ध्या दिवसासाठी एक ताई ठेवल्यात. म्हणाले, "सर, खर्च वाढला." मी म्हटलं, नवा पोरगा शिकवायला किती दिवस गेले? दादा बोटांवर मोजायला लागले, आणि मग चहा मागवला.