पत्त्यांची जमीनदारी

क्लाउडमधील आयपी पत्ते हा अभियंत्यांचा विषय आहे, त्याच्याशी आपल्या चळवळीला काय कर्तव्य, असे आपल्यापैकी पुष्कळ मित्रांना वाटते. सात-बाराचा उतारादेखील एके काळी केवळ तलाठ्याचा विषय मानला जात असे!

इंटरनेटवर उघडपणे सेवा देणाऱ्या संगणकाला एक अंकी पत्ता लागतो. जुन्या, म्हणजे आयपीव्ही-४ पद्धतीत असे पत्ते सुमारे ४२९ कोटी ५० लाख. त्यांत एकाचीही भर पडू शकत नाही. जागतिक साठ्यातील अखेरचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना वाटले गेले आणि ते कोठार रिकामे झाले. पत्ता ही कोणाची मालमत्ता नव्हे, गरजेनुसार वापरण्यास दिलेली वस्तू आहे, असे या व्यवस्थेचे तत्त्व. परंतु त्याच साली दिवाळखोर नॉर्टेल कंपनीकडील ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलर मोजून घेतले. पुढे २०१९ मध्ये, हौशी रेडिओचालकांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी सुमारे ४२ लाख अ‍ॅमेझॉनकडे गेले. विकणाऱ्या संस्थेने तो पैसा अनुदानांकडे वळवला, हे मान्य केले पाहिजे. पण गायरान गेले ते गेलेच.

आता या कंपन्या आपल्या औदार्याचा डांगोरा पिटतात. एका प्रकल्पाचा पत्ता दुसऱ्या प्रकल्पात न्यावयाचा आहे? गूगलच्या क्लाउडमध्ये एपीआयद्वारे तशी आज्ञा देता येते. अ‍ॅमेझॉननेही २०२२ पासून एका खात्यातील पत्ता दुसऱ्या खात्याला देण्याची सोय केली आहे. एकाने देऊ करावा, दुसऱ्याने स्वीकारावा. सोय खरोखरच उपयोगी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र तिची कुंपणे नीट पाहा. अ‍ॅमेझॉनच्या मुंबई विभागातील पत्ता त्यांच्याच हैदराबाद विभागात जात नाही. आणि कंपनीच्या हद्दीबाहेर, दुसऱ्या कंपनीकडे किंवा आपल्या स्वतःच्या संगणकावर, तो नेण्याची आज्ञाच अस्तित्वात नाही. चाळमालकाने भाडेकरूला पहिल्या मजल्यावरून तिसऱ्यावर जाण्याची मुभा द्यावी आणि तिला संचारस्वातंत्र्य म्हणावे, तसाच हा प्रकार.

शिवाय भाडे आहेच. १ फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्त्यासाठी, तो वापरात असो वा नसो, ताशी अर्धा सेंट आकारते. वर्षाचे होतात ४३ डॉलर ८० सेंट. नॉर्टेलच्या व्यवहारात एक पत्ता कायमचा सव्वाअकरा डॉलरांना पडला होता, एवढी तुलना पुरेशी आहे.

एखाद्या पतसंस्थेचे उदाहरण घ्या. तिचे व्यवहार ज्या बँकेमार्फत चालतात, त्या बँकेच्या परवानगी-यादीत तिचा पत्ता नोंदलेला असतो. क्लाउड बदलला की पत्ता बदलतो, आणि पत्ता बदलला की यादीतील नाव निरुपयोगी. मग पत्रव्यवहार, चाचण्या, खोळंबा. हे टाळण्यासाठी संस्था वाढलेले भाडे मुकाट्याने भरत राहते. वेठ याहून वेगळी काय असते?

यावर तज्ज्ञ म्हणतील की हा कट नव्हे, तांत्रिक अडचण आहे. एकेक सुटा पत्ता वाटेल तेथे हलू लागला तर जगभरच्या मार्गदर्शक तक्त्यांवर न पेलणारा बोजा पडेल. हे खरे आहे. म्हणूनच २५६ पत्त्यांपेक्षा लहान गठ्ठा सहसा स्वतंत्रपणे जाहीर होत नाही, आणि स्वतःचे पत्ते घेऊन येणाऱ्या ग्राहकालाही या कंपन्या किमान तेवढ्याच गठ्ठ्याची अट घालतात. पण या सत्याचा लाभ कोणाला होतो, तेही तज्ज्ञांनी सांगावे. ज्याच्या नावावर २५६ पत्ते आहेत तो मोकळा. ज्याला एकच लागतो तो कूळ. भ्रमणध्वनीचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क भारतभर २० जानेवारी २०११ पासून मिळाला, तो कंपन्यांच्या दयेने नव्हे, नियामकाच्या आदेशाने. युरोपीय संघाच्या कायद्यानुसारही क्लाउड सोडून जाणाऱ्या ग्राहकाकडून त्यासाठी शुल्क घेणे १२ जानेवारी २०२७ पासून बंद व्हावयाचे आहे.

आपल्याकडे पत्त्यांची राष्ट्रीय नोंदणी निक्सीच्या छत्राखाली चालते. सहकारी संघांनी एकेकट्या संस्थेला कंपनीच्या दारी न धाडता एक गठ्ठा संघाच्या नावावर नोंदवून घ्यावा आणि त्यातून सभासद-संस्थांना पत्ते द्यावेत. गठ्ठा एकत्रच हलतो, तेव्हा क्लाउड निवडण्याचा निर्णयही संघाला एकत्रच करावा लागेल. सहकारात ते नवे नाही. नव्या सेवा आयपीव्ही-६ वरही उभ्या राहाव्यात, कारण तेथे टंचाईच नाही. आणि नगरपालिकांत, पतसंस्थांच्या संचालक मंडळांत आपले जे कार्यकर्ते बसतात, त्यांनी पुढच्या सभेत क्लाउडचा करार मागवून पत्ता कोणाच्या नावावर आहे, एवढे तरी इतिवृत्तात लिहून घ्यावे.