कडवीचा काठ आणि काठावरील झाडोरा

नदीकाठच्या जमिनीविषयी आमच्या शेतकरी बांधवांत अलीकडे एक समजूत दृढ झाली आहे, ती अशी की, काठावरील झाड म्हणजे वाया गेलेली जागा. झाड काढले की उसाची आणखी दोन सऱ्यांची सोय झाली, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब चुकीचा आहे असे आमचे प्रांजळ मत आहे. ज्या खात्याने जमिनीचा गुंठा न् गुंठा मोजला, त्या महसूल खात्यात आमची सारी नोकरी गेली असल्यामुळे हिशेबाच्याच भाषेत चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आमची कडवी नदी मोठी नव्हे. आंबा घाटाच्या बाजूस सह्याद्रीच्या कुशीत ती उगम पावते, मलकापुरालगतच्या शाळीसारखे ओढे-नाले पोटात घेते व पुढे वारणेस मिळते. वारणा हरिपुरास कृष्णेला मिळते आणि ते पाणी सारी दख्खन ओलांडून पूर्वसमुद्रास जाते. त्याच घाटमाथ्याच्या पश्चिम अंगास काजळी नदी उगम पावते. ती साखरप्याकडून कोकणात उतरून रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत शिरते. एकाच डोंगरावरचा पाऊस. पण एकीस समुद्र जवळ, तर दुसरीस अतिशय दूर. कोकणातल्या नदीचे पाणी पाहता पाहता उतारावरून निघून जाते. आमच्या नदीस मात्र सपाटीच्या मळ्यांतून वळणे घेत जावे लागते, आणि म्हणूनच तिचा काठ आमच्या पोटापाण्याशी अधिक निगडित आहे.

या काठावर कोणती झाडे असत, हे साठीच्या घरात आलेल्या प्रत्येकास स्मरत असेल. वनस्पतिशास्त्र आम्ही शिकलो नाही. जी नावे ठाऊक आहेत ती गुराख्यांकडून व वैदूंकडून ऐकलेली. पात्रातील खडकांच्या फटीत शेरणी उगवते. तिची पाने कण्हेरीसारखी लांबट, फांद्या वेतासारख्या लवचिक. महापुरात ती पाण्याखाली आडवी होते व पाणी उतरले की पुन्हा उभी राहते. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत लहान लहान नद्यांच्या दगडाळ पात्रांत कण्हेर रानोमाळ वाढते. आपण जिला देवाच्या फुलांसाठी अंगणात लावतो, ती तिकडे मूळची नदीकाठची रहिवासी होय. जे काम तिकडे कण्हेर करते, तेच इकडे शेरणी करते. पाण्याच्या रेषेवर वाळुंज, त्याच्या मागे करंज, जांभूळ, पाणजांभूळ व उंबर, ओलसर उतारावर वाळा, आणि अगदी वर निर्गुडी व बांबूची बेटे, अशी ही उतरंड असे. ती कोणी लावली नव्हती. ज्या झाडास जितके पाणी सोसते तितक्या पायरीवर ते आपण होऊन उभे होते.

आता बहुतेक ठिकाणी ही उतरंड मोडली आहे. वाळू काढताना शेरणी गेली, सरी वाढविताना वाळुंज व करंज गेले. काठ उघडा पडला तो उघडाही राहिला नाही. तेथे बेशरम व घाणेरी माजली. तिची पाने गुरे खात नाहीत, आणि जुन्या करंजाच्या मुळांची पकड तिच्या मुळांस नाही.

इसवी सन २०१९ च्या ऑगस्टातील महापुरानंतर पंचनाम्यांच्या कामी आम्ही काठाकाठाने हिंडलो. एका वळणावर दोन शेजाऱ्यांचे मळे लागून होते. एकाच्या काठी करंज व उंबरांची जुनी रांग होती. दुसऱ्याने ती चार वर्षांपूर्वी यंत्राने मुळासकट काढली होती. पहिल्याच्या उसात गाळ भरला होता, ऊस लोळला होता, नुकसान झालेच होते; परंतु त्याचा काठ जागच्या जागी होता. दुसऱ्याची शेवटची सरी अर्धी तुटून हवेत लोंबत होती. तो गृहस्थ आम्हांस म्हणाला, "भाऊसाहेब, सातबाऱ्यावर माझं अर्धं एकर हाय. हितं किती ऱ्हायलंय ते तुम्हीच मोजा." टेप धरली तेव्हा तीन गुंठे कमी भरले. नोंद आम्ही केली. पण नोंदीने माती परत येत नाही, हे त्यास सांगण्याचे धैर्य त्या वेळी आम्हांस झाले नाही. पुढे २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला, तेव्हा त्या वळणाकडे पाहावयास आम्ही गेलो नाही.

आता कायद्याचा हिशेब पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ६६ अन्वये नदीने जमीन वाहून नेल्यास खातेदारास आकारात सूट मिळण्याचा हक्क आहे; मात्र गेलेला भाग अर्ध्या एकराहून कमी असता कामा नये. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे, म्हणजे २१,७८० चौरस फूट. ज्याच्या शेताची नदीकडील बाजू २०० फूट आहे, त्याचा काठ जवळजवळ १०९ फूट आत खचेल तेव्हा कोठे हा हक्क लागू होईल. नदी तर दर पावसाळ्यास हात-दोन हात नेते. शिवाय सूट मिळावयाची ती साऱ्याची, मातीची नव्हे. आपत्तीच्या प्रसंगी सरकारी मदत मिळते हे खरे. परंतु पिढ्यान् पिढ्यांच्या गाळाने तयार झालेली काळी माती कोणत्याही मदतीच्या रकमेत बसत नाही.

झाड काठ कसा राखते, हे समजून घेणे अवश्य आहे. पुष्कळांस वाटते की काठ पुराच्या धारेनेच तुटतो. वळणाच्या बाहेरच्या अंगास तसे होते हे खरे. तथापि पुष्कळ वेळा थडी ढासळते ती पूर ओसरू लागल्यावर. माती पाण्याने फुगून जड झालेली असते, समोरच्या पाण्याचा आधार एकाएकी निघून जातो, आणि दरड बसते. अशा वेळी वरच्या हातभर मातीत राहणारी उसाची मुळे उपयोगी पडत नाहीत. करंज-उंबरांची खोल व आडवी गेलेली मुळे मातीस शिवून धरतात. वाळुंज व वाळा काठालगतच्या पाण्याचा वेग मारतात व गाळ बसू देतात. झाडांनी महापूर थांबतो असे आमचे म्हणणे नाही. पाणी शेतात येईल ते येईलच. पण ते जाताना शेत घेऊन जाणार नाही, एवढेच.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला सावलीचा. आमची नदी सामान्यतः पूर्वेस वाहते व सूर्य वर्षाचा बराच काळ दक्षिणेकडून असतो. म्हणून दक्षिण थडीच्या मळ्यांवर काठच्या झाडांची सावली फारशी पडत नाही, ती पात्रावर पडते. उत्तर थडीवर पडते हे आम्ही कबूल करतो. तेथे झाडे छाटून ठेंगणी राखावी. दुसरा आक्षेप असा की, उन्मळलेली झाडे बंधाऱ्यांत अडकून पाणी तुंबते. हाही खरा आहे. म्हणून वाळलेले व कललेले झाड पावसाळ्यापूर्वी अवश्य तोडावे. परंतु बुंधा व मुळे जमिनीत राहू द्यावी. करंज, जांभूळ, वाळुंज यांस बुंध्यातून पुन्हा फूट येते. यंत्राने मूळ उपटणे हाच खरा अपराध होय.

कायद्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. १९६४ च्या झाडे तोडण्याविषयीच्या अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा, जांभूळ, ऐन यांची नावे आहेत. बिचाऱ्या वाळुंजाचे व शेरणीचे नाव नाही. काजळीच्या मुखाशी, खाडीत, जी खारफुटी आहे तिचे भाग्य निराळे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यातील सर्व खारफुटीस व तिच्या भोवतालच्या पन्नास मीटर पट्ट्यास संरक्षण दिले. आमच्या काठच्या झाडांचा वकील मात्र कोणी नाही. तो खातेदारानेच व्हावयास हवा.

सबब आमची सूचना अशी. ज्यांस शक्य आहे त्यांनी काठालगत तीस फुटांचा पट्टा मोकळा सोडावा. २०० फूट काठास तो साडेपाच गुंठे होतो. लहान खातेदारास इतके परवडणार नाही. त्याने पंधरा फूट, म्हणजे पावणेतीन गुंठे, सोडावे. पावसाळा ओसरून ओल असताना पाण्याच्या रेषेवर वाळुंजाच्या फांद्या खोवाव्या, उतारावर वाळ्याची ठोंबे लावावी, आणि मृगाच्या पावसावर माथ्यास करंजाचे बी टोकावे. पट्टा निष्फळ राहणार नाही. करंजाचे बी, बांबू व जळण त्यातून मिळेल. मात्र एकट्याने लावून भागत नाही. दोन झाडोऱ्यांमधील उघड्या फटीतून नदी आत शिरते व दोघांच्याही मागे जाते. एका वळणावरील सर्व खातेदारांनी मिळून हे काम करावे, आणि आपल्या संस्थेने येत्या वार्षिक सभेत निदान एक वळण निवडून त्याचा आरंभ करावा.

सातबाऱ्यावरील आकडा आपल्या वाडवडिलांनी मिळविला. त्या आकड्याइतकी माती मुलांच्या हाती देणे हे आपले काम आहे. टेप धरून ती कमी भरताना आम्ही पाहिली आहे. वाचकांपैकी कोणावर तो प्रसंग न येवो, इतकेच मागणे करून लेखणी आवरती घेतो.