लिम्फोमा उलटला, तर आधी काय विचाराल?

मानेत किंवा काखेत गाठ आली, ताप आणि रात्रीचा घाम सुरू झाला की आपल्याकडे पहिली शंका टीबीची येते. तो टीबी असूही शकतो. पण लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, हीच लक्षणे घेऊन येतो. म्हणून गाठीची बायोप्सी टाळू नये.

अनेक रुग्ण केमोथेरपीने बरे होतात. पण आजार उलटला की घर खचते. अशा बी-पेशींच्या लिम्फोमावर आता कार-टी सेल थेरपी आहे. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून, कर्करोग ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत बदलून, त्या पुन्हा शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून घडलेल्या ‘नेक्सकार१९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. परदेशाच्या मानाने खर्च सुमारे दशांश असला, तरी तो लाखांतच जातो.

आणखी एक वाट पुढे येत आहे: कार-टीला नेमक्या लक्ष्यावर काम करणाऱ्या औषधाची जोड. इब्रुटिनिबची गोळी कर्करोगाच्या पेशींना मिळणारा इशारा रोखते. थकलेल्या टी-पेशींनाही तिच्यामुळे बळ मिळते, असे दिसले आहे. ऑस्ट्रेलियात मँटल सेल लिम्फोमाच्या २० रुग्णांना हे दोन्ही उपचार एकत्र दिले. चार महिन्यांनी ८० टक्के रुग्णांत उपचाराला पूर्ण प्रतिसाद दिसला. अभ्यास लहान आहे, हे विसरू नये.

उलट, बेंडामस्टिनसारखे औषध टी-पेशींना दुबळे करते. म्हणजे औषधांचा क्रमही महत्त्वाचा. म्हणून पुण्यातील आपल्या घरांना आम्ही एवढेच सांगू: आजार उलटला, तर पुढची केमो सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारा, “कार-टी उपयोगी पडेल का? पडणार असेल, तर पेशी कधी काढायच्या?” रिपोर्ट घेऊन मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे मतही घेता येते. इब्रुटिनिबने रक्तस्राव होऊ शकतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यामुळे हकिमांचा नुस्खा चालू असेल तर तोही डॉक्टरांना सांगा.

खर्चाची चिंता खरी आहे. गरजू रुग्णाला जकात देता येते. मोहल्ल्याने, नातलगांनी पुढे यावे. पण दागिने मोडण्याआधी, घर गहाण टाकण्याआधी हा उपचार आपल्या रुग्णाला लागू पडतो का, हे पक्के करून घ्या. दुआ करू या, आणि योग्य प्रश्न वेळेवर विचारू या. शिफा देणारा अल्लाह आहे.