मंदी आणि आईची पोत

परवा गोदीत जेवणाच्या सुट्टीत टोळीतल्या एकाच्या चपात्यांचा पेपर हाताला लागला. तेलानं अर्धा पारदर्शक झालेला. त्यात एका अर्थतज्ज्ञ साहेबांचा लेख होता, मंदीत कुटुंबानं कसं वागावं म्हणून. सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवा म्हणे. हॉटेलिंग कमी करा. आणि घरातलं सोनं हाताशी असू द्या, अडीनडीला तेच कामाला येतं.

वाचून टोळीतला म्हातारा म्हणाला, हे कुटुंब कुठं राहतं रे?

माझा सवालही तोच हाय. कुटुंब, कुटुंब म्हणून हे जे छापतात ते कुणाचं? माझ्या घराला सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढायचा असेल तर आधी सहा महिने उपाशी बसावं लागेल. पण ती गोष्ट सोडा. सोन्याचं बोलू. कारण सोन्यापाशीच या साहेबांची चोरी पकडता येते.

1929 साली अमेरिकेत बाजार कोसळला आणि त्याचा धक्का आपल्या शिवारापर्यंत आला. शेतमालाचे भाव निम्म्यावर आले. सरकारचा सारा तसाच, सावकाराचं व्याज तसंच. सप्टेंबर 1931 मध्ये इंग्लंडनं आपला पौंड सोन्यापासून तोडला, रुपया त्या पौंडाला बांधलेला, सोन्याचा भाव चढला. मग खेड्यापाड्यातल्या बायांच्या गळ्यातलं, हातातलं निघालं. सावकाराकडून सराफाकडं, सराफाकडून मुंबईला आणि मुंबई बंदरातून बोटीनं लंडनला. काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचं सोनं गेलं. मी ज्या बंदरात पाठ मोडतो त्याच बंदरातून. या रुपयाच्या कारभाराबद्दल बाबासाहेबांनी 1923 सालीच अख्खं पुस्तक लिहिलं होतं, 1925 ला हिल्टन यंग कमिशनपुढं साक्षही दिली होती. आपल्या पोरांना बाबासाहेबांचा पुतळा माहीत असतो, रुपयावरचं पुस्तक माहीत नसतं. ते असो.

आता इतिहासवाले लिहितात की भारतीय कुटुंबांनी मंदीत सोनं विकून दिवस काढले. कुठल्या भारतीय कुटुंबांनी बाबा? त्याच मंदीत, डिसेंबर 1930 मध्ये, मद्रासकडच्या रामनाड जिल्ह्यात कळ्ळर जातीच्या लोकांनी आदि-द्रविडांवर आठ बंद्या घातल्या. पहिलीच बंदी : सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या झोपड्या जाळल्या. म्हणजे बघा, एकाच्या बाईच्या गळ्यातलं सोनं मंदीनं काढलं आणि आमच्या बाईच्या गळ्यात ते पडूच दिलं नाही. मग अडीनडीला काय विकायचं होतं आम्ही? हाडं?

हाडंच विकली. माझा पणजा तेव्हा गिरणीत रिंग खात्यात. साचेखात्यात मजुरी जास्त, पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव, का तर धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा आणि महाराची थुंकी सूताला लागली तर कपडा बाटत नव्हता, विणणारा बाटत होता! मंदीत मालकांनी मजुरी कापली ती सगळ्यांचीच. पण ज्याला आधीच कमी त्याची कापली की चूल विझते. हे गणित अर्थतज्ज्ञाच्या वहीत येत नाही.

आज्जानं 18 जानेवारी 1982 चा संप पाहिला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यातला तो एक. तो संप अजून कुणी रीतसर मागं घेतला नाही असं तो मरेपर्यंत सांगायचा. त्यानंतर आमच्या घरात कायमची नोकरी आली नाही. बाप कंत्राटी, मी कंत्राटी. गोदीत पूर्वी बोर्डाचा कामगार असायचा, त्याला हजेरीचे, रजेचे हक्क होते. मला मुकादमाचा फोन आहे. फोन वाजला तर काम.

तर या घरात तीन पिढ्यांत पहिलं सोनं आलं ते माझ्या आईनं चार घरची धुणीभांडी करून, भिशी लावून घेतलेली अर्ध्या तोळ्याची पोत. घातली त्या दिवशी ती आरशासमोर किती वेळ उभी होती ते मी पाहिलंय.

24 मार्च 2020. रात्री आठला भाषण, बाराला देश बंद. चार तास. आईच्या चारही घरांनी सांगितलं, येऊ नको. एका बाईनं अर्धा पगार दिला, तिचं नाव आई अजून घेते. बाकी तिघांनी फोन उचलला नाही. त्या तिमाहीत देशाचं उत्पन्न सुमारे 24 टक्क्यांनी घटलं असं सरकारनंच सांगितलं. आमच्या घराचं शंभर टक्क्यांनी घटलं, ते कुणी मोजलं नाही. रेशनला माणशी 5 किलो धान्य आलं, पण वहिनीचं नाव कार्डावर चढलेलं नव्हतं. ती काय अर्धी भाकर खाणार? ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना परवानगी दिली की सोन्यावर 75 ऐवजी 90 टक्के कर्ज द्या. काम नको, रोजी नको. सोनं आणा, कर्ज घ्या. 1931 ला सावकार होता, आता काचेचं दुकान आणि एसी.

पोत गेली. 18 हजार आले. भाडं, औषध, उधारी. व्याज भरता भरता वर्ष उलटलं, नोटीस आली, लिलाव झाला. आई काही बोलली नाही. फक्त मानेवरून हात फिरवायची सवय तिची अजून गेली नाही.

पोत संपली तेव्हा घरात विकायसारखं एकच राहिलं होतं, बहिणीचं शिक्षण. घरात फोन एक, तो मुकादमासाठी माझ्या खिशात. ती बारावीचा तास कशावर ऐकणार? सुटलं. आता ती आईच्याच एका घरी भांडी घासते. म्हणजे मंदीनं आम्हाला नुसतं गरीब नाही केलं, आमच्या पोरीला आईच्या जागी नेऊन बसवलं. जात हेच तर करते. यात माझाही हात आहे, फोन माझ्या खिशात होता. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

आणि आपले पुढारी? खिचडीच्या पाकिटावर स्वतःचा फोटो छापून वस्तीत फिरत होते. खिचडी खाल्ली आम्ही, नाही कशाला म्हणू. पण 1972 च्या दुष्काळात याच महाराष्ट्रात लोकांनी खिचडी नाही, काम मागितलं. त्यातून रोजगार हमी आली, 1977 ला तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. फक्त खेड्यात! शहराला हमी नाही, कारण शहरात म्हणे काम असतंच. गिरण्या संपल्या, बंदरातला माल न्हावाशेव्याला गेला, तरी हे म्हणणं तसंच. केरळनं 2010 मध्ये शहरी रोजगार हमी काढली, अय्यनकाळींच्या नावानं. ज्या अय्यनकाळींनी दलितांच्या पोरांना शाळेत घ्यावं म्हणून शेतमजुरांचा संप केला, त्यांच्या नावानं. राजस्थाननं 2022 ला 100 दिवसांची योजना काढली. मुंबईत आपण नावं मागतो, स्मारकं मागतो, चौक मागतो. मागा. पण शहरात मागेल त्याला काम, हा कायदा का मागत नाही?

पुढच्या बैठकीत मी हाच ठराव मांडणार आहे. ज्यांच्या घरात गहाणाच्या पावत्या आहेत, लिलावाच्या नोटिसा आहेत, त्यांनी त्या घेऊन या. लाजू नका. आईची मी आणतोय.